देवाच्या दारचे सेवापुस्तक

म्यूनिखच्या इजिप्शियन कलेच्या संग्रहालयात गुडघे छातीशी घेऊन, त्यांवर हातांची घडी घालून बसलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. हा बाकेनखोन्सू, इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला, थीब्स नगरीच्या अमून देवाचा महापुजारी. चित्रपटांनी आपल्या मनात भरवलेला मंत्रतंत्रवाला धर्मगुरू या पुतळ्यावरच्या मजकुरात मला तरी कुठे सापडला नाही. सापडले ते चक्क एका सरकारी कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक.

चार वर्षे आपण गुणी बालक होतो, असे तो सांगतो. पुढची 11 वर्षे रामसेसचा बाप राजा सेती याच्या पागेत गेली. मग 4 वर्षे ‘वाब’, 12 वर्षे ‘देवपिता’ या हुद्द्याचा पुजारी, 15 वर्षे अमूनचा तिसरा सेवक, 12 वर्षे दुसरा सेवक आणि शेवटी 27 वर्षे पहिला सेवक, म्हणजेच महापुजारी. बेरीज 85 भरते. ‘वाब’ म्हणजे शुद्ध, आपल्या भाषेत सोवळ्यातला. सर्वांगाचे मुंडण, वारंवार स्नान आणि अंगावर लिननचे वस्त्र, अशी ती पहिली पायरी होती. एवढ्या मोठ्या पदावर पोहोचल्यावर घोड्यांच्या पागेतली वर्षे सहज गाळता आली असती, पण या गृहस्थाने ती देवाच्या सेवेइतक्याच काटेकोरपणे मोजली, आणि म्हणूनच तो मला आवडतो.

ही बढती ठरलेलीच होती, असे मात्र कोणी समजू नये. रामसेसने राज्यावर येताच पहिल्याच वर्षी नेबवेनेनेफ नावाच्या बाहेरच्या पुजाऱ्याला थीब्सच्या महापुजाऱ्याच्या गादीवर आणून बसवले; आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सरळसेवा भरती झाली. नेबवेनेनेफच्या थडग्यातला मजकूर म्हणतो की राजाने देवापुढे अनेकांची नावे घेतली आणि देवाने याच्याच नावाला कौल दिला. राजाच्या मनातलेच नाव देवाला नेमके कसे सुचले, याचा खुलासा तिथे नाही! बाकेनखोन्सू तेव्हा खालच्या पायरीवरच होता.

पुढे महापुजारी झाल्यावर बाकेनखोन्सूने कर्नाकच्या, म्हणजे थीब्समधल्या अमूनच्या मुख्य देवळाच्या, पूर्वेला रामसेसचे मंदिर उभारण्याचे काम पाहिले, तिथे स्तंभ उभे केले आणि बागेत झाडे लावली. त्या मंदिरातल्या राजाचे नाव होते ‘प्रार्थना ऐकणारा रामसेस’. मुख्य देवळाच्या गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. त्याचे गाऱ्हाणे ऐकले जाई ते या मागच्या दारी.