मदतीचे ट्रक परत गेल्यावर

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा विषय निघाला की सगळे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल बोलतात. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं, 3 वाजून 56 मिनिटं, सुमारे 10 हजार मृत्यू. मग लष्कर, देशभरातून आलेले ट्रक, कपड्यांचे ढीग. मला त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलायचंय. माणसं पुढे कशी जगणार हे तेव्हा ठरलं, आणि तेव्हा तिथे बघायला कोणी नव्हतं.

52 गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. घर केवढं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या शेतकऱ्यांना 750. रस्ते सरळ, रुंद. पण बैल कुठे बांधायचे? कडबा कुठे रचायचा? एका बोळात राहणारी भावकी गावाच्या चार टोकांना गेली, शेतं लांब पडली. माझ्या मामींच्या पक्क्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. चूल तिथे, पाहुण्यांची बाज तिथे, दुपारची झोपही तिथेच. पक्क्या खोलीत ज्वारीची पोती. घर मजबूत आहे हो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते बांधण्याआधी मामींना कोणी काही विचारलं नव्हतं.

त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. सुमारे दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हातात आले, गवंडी त्यानेच लावला. माहिती घरोघर पोचवायला महिला मंडळं होती. दगड-मातीच्या जाड भिंती मधून फाटून का कोसळल्या, आरपार जाणारा दगड का बसवायचा, माळवदावरची, म्हणजे सपाट छतावरची, माती का कमी करायची, हे बायकांनी समजून घेतलं आणि गवंड्याकडून करूनही घेतलं. माझ्या मते किल्लारीने देशाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे, आणि आपण तीच विसरलो.

2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने परंडा, करमाळा, माढ्यात रानंच्या रानं खरवडून नेली. तेव्हाही किराणा आणि चादरी भरभरून गेल्या, जायलाच हव्यात. पण तिथल्या शेतकऱ्याला पुढची काही वर्षं माती लागणार आहे, विहिरीतला गाळ काढायला पैसा लागणार आहे. तुमचं मंडळ, तुमची कंपनी, तुमची सोसायटी मदत पाठवणार असेल तर त्यातली निम्मी रक्कम बाजूला ठेवा, आणि सहा महिन्यांनी ती कशावर खर्चायची हे गावाला विचारा.