ठोक्यांचा कोटा आणि व्यायामाचा हिशेब

‘हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून दिलेले असतात, व्यायामाने ते लवकर खर्ची पडतात, विश्रांतीत नाडी साठाच्या खाली गेली की हृदय दुबळे झाले समजावे, सिगारेटने मात्र हृदय शांत होते,’ अशा आशयाचा संदेश तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे.

पहिल्या विधानामागे एक खरे निरीक्षण आहे. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा आणि हत्तीचे तीसच्या आसपास धडधडते, तरी अनेक सस्तन प्राण्यांचे आयुष्यभराचे ठोके ढोबळमानाने 100 कोटींच्या घरात जातात. पण मिनिटाला 70 ठोके धरले तर 75 वर्षे जगणाऱ्या माणसाचे ते सुमारे 275 कोटी होतात, म्हणजे कोटा असलाच तर आपण तो केव्हाच ओलांडला आहे.

तरीही वादापुरता कोटा मान्य करू. दिवसभर बसून असणाऱ्या एखाद्या तरुणाची नाडी सरासरी 76 असेल, तर चोवीस तासांत 1,09,440 ठोके पडतात. तोच तरुण पोलीस भरतीच्या 1600 मीटर धावण्याच्या तयारीसाठी रोज पहाटे तासभर मैदानावर घाम गाळू लागला, त्या तासात नाडी 150 राहिली आणि उरलेल्या वेळात ती फक्त चार ठोक्यांनी उतरली, तरी एकूण बेरीज 1,08,360 भरते. संदेश लिहिणाऱ्याने खर्च तेवढा मांडला, बचत मांडायची राहून गेली.

साठाखालच्या नाडीचेही तसेच आहे. विश्रांतीत शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागते. 72 ठोक्यांत ते पुरवायचे तर प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलावे लागते, 50 ठोक्यांत पुरवायचे तर 100. नियमित धावणाऱ्याच्या हृदयाला हे दुसरे गणित सहज जमते, म्हणून त्याची नाडी मंद असते. चक्कर किंवा शुद्ध हरपणे सोबत असेल, तर मात्र ईसीजी काढलाच पाहिजे.

सिगारेटविषयीचे विधान सरळ खोटे आहे. निकोटीनमुळे अ‍ॅड्रेनालिन स्रवते आणि काही मिनिटांतच नाडी वाढते. जी शांतता वाटते ती बहुतांशी तलफ भागल्याची असते. रात्री घेतलेली दारूही झोपेतली नाडी चढीच ठेवते.

विश्रांतीतली नाडी जास्त असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, हे खरे. पण त्यावरून ठोके वाचवले की आयुष्य वाढते असे ठरत नाही. इव्हाब्रॅडीन हे औषध नाडी मंदावते, तरीही 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या पण हृदय निकामी होऊ न लागलेल्या रुग्णांमध्ये त्याने ना मृत्यू घटले, ना हृदयविकाराचे झटके.