नंबर विकू नका हो!
पुन्हा तेच! वॉटफर्डला बनलेला जुना स्कॅमेल ट्रक, उभा जन्म अवजड ट्रान्सफॉर्मर ओढण्यात गेलेला, आणि मूळ नोंदणी नंबर गायब. का? तर मधल्या कुणा मालकाने तो एका चकचकीत मोटारीसाठी विकला. ब्रिटनमध्ये हे कायदेशीर आहे, मान्य. पण आता ही गाडी कुणाकुणाकडे राबली ते शोधायचं कशावरून?

आधीच काय कमी खिंडारं आहेत! १९७४ मध्ये गाड्यांची नोंदणी स्थानिक कौन्सिलांकडून स्वान्सीच्या केंद्रीय कार्यालयात गेली आणि कौन्सिलांची कितीतरी जुनी रजिस्टरं नष्ट झाली. १९८३ पर्यंत ज्यांची नोंद तिथल्या संगणकावर चढली नाही, त्यांचे नंबर बाद. मग उरते ती गंजलेली चेसिसची पाटी. तीही जागेवर असली तर!

आणि तो रंग! लष्करातून थेट जत्रेवाल्यांकडे गेलेली गाडी, तिला कुणीतरी हौसेने पिकफर्ड्स या अवजड वाहतूक कंपनीचा निळा रंग देतो. दहा वर्षांनी त्याच गाडीचा फोटो मला ‘पुरावा’ म्हणून दाखवतात. संताप होतो. रंगवा हवं तसं, पण आधी दरवाजा हलक्या हाताने खरवडून बघा ना. खालच्या थरात जुन्या मालकाचं नाव असतं, आणि तुम्ही सरळ ग्राइंडर फिरवता!