म्हशी कापल्या म्हणजे पैसा उडवला?

इंडोनेशियातल्या तोराजा लोकांच्या अंत्यविधींवरचा तुमचा लेख छान, पण त्यातलं 'तोराजाचे लोक मयतावर घरदार उधळतात' हे काही पटलं नाही. सुलावेसी बेटावरच्या त्यांच्या डोंगरात म्हैस म्हणजे चालताबोलता हिशेब. आईवडिलांच्या अंत्यविधीला कोणी किती म्हशी दिल्या, त्यावर भातखाचरांतला वाटा ठरायचा, ही तिथली जुनी रीत. मुलीही वाटेकरी. पाहुण्याने आणलेली म्हैस ही तर उसनवारीच. त्याच्याकडे मयत झालं की परत करायची, बापाला जमलं नाही तर पोराने. पैसे जमेपर्यंत प्रेत महिनोन्‌महिने घरात असतं, 'आजारी' म्हणून, आणि त्याच्यापुढे जेवणही ठेवतात!

घराबद्दल लेखात फक्त 'नावेच्या आकाराचं छप्पर' एवढंच. खरी गंमत मालकीत आहे. तोंगकोनान, म्हणजे घराण्याचं ते मूळ घर, कोणा एकाचं नसतं, मूळ जोडप्याच्या सगळ्या वंशजांचं असतं, तेही आई आणि वडील दोन्हींकडून. त्यामुळे एकाच माणसाचा हक्क चार-पाच घरांवर निघतो, आणि डागडुजीची वर्गणीही तितक्याच ठिकाणी! दर्शनी खांबावर कापलेल्या म्हशींची शिंगं एकावर एक बसवलेली, समोर भाताची कोठारं. घराण्याची पत वाटसरूलाही कळावी.

ओझं नाही असं कुठे म्हणतोय? पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या म्हशीला गाडीइतका भाव येतो, आणि तो पैसा मकास्सार-जकार्ताला पोटापाण्यासाठी गेलेली मुलंच पाठवतात. कर्जबाजारी होणारेही आहेत. त्यांच्यावर लिहा की, वाचायला आवडेल.