बुडापेस्टचे फुटबॉल क्लब, तिथले बार आणि तिथली माणसं

बुडापेस्टमधले फुटबॉल क्लब म्हणजे आपल्याकडची पेठेची मंडळं. कुठल्या भागात वाढलात यावर रंग ठरतो. फेरेन्त्सवारोश, लाडाचं नाव 'फ्रादी', १८९९ पासूनचा, नवव्या वॉर्डाचा, हिरवा-पांढरा. उत्तरेच्या टोकाला जांभळा उइपेश्त. वाशाश धातुकामगारांच्या युनियनचा. एमटीकेमागे शहरातला ज्यू मध्यमवर्ग उभा होता, म्हणूनच १९४० मध्ये, ज्यूविरोधी कायद्यांच्या काळात, तो क्लब बंद पडला. आणि किश्पेश्त! पुढे हंगेरीचे दिग्गज खेळाडू ठरलेली पुश्काश आणि बोझिक ही दोन शेजारची पोरं तिथेच चेंडूमागे धावायला लागली. कम्युनिस्ट सरकारने १९४९ मध्ये हा क्लब सैन्याच्या ताब्यात दिला आणि तो 'होनव्हेद' झाला. १९५३ मध्ये इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ ने लोळवणाऱ्या हंगेरीच्या संघाचा कणा याच क्लबचा. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडला गेला तेव्हा होनव्हेदचे खेळाडू परदेशात होते. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर तेव्हा मायदेशी न परतता बाहेरच राहिले.

एवढा वारसा असताना पैसा कुठे गेला? २०११ पासून कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग थेट क्रीडा क्लबांना देण्याची सवलत मिळाली. देशभर नवी स्टेडियम उभी राहिली. फेल्चूत नावाच्या, दोन हजारही वस्ती नसलेल्या गावात साडेतीन हजारांहून जास्त खुर्च्यांचं देखणं स्टेडियम आहे. अनेक वर्षं देशाचा पंतप्रधान राहिलेल्या व्हिक्टर ओर्बानचं घर त्याला लागूनच. मला याचा मनापासून राग येतो. इमारती झाल्या, पण माणसांचं काय? फ्रादीचं नवं स्टेडियम २०१४ मध्ये उघडलं आणि आत जायला तळहाताच्या शिरांचं स्कॅनिंग मागितलं गेलं. सगळ्यात कट्टर पाठीराख्यांनी बहिष्कार टाकला, तो पुढे बराच काळ चालला. त्यांच्यातल्या काहींची दंगेखोरी आणि वंशद्वेषी घोषणा मला अजिबात मान्य नाहीत, पण या भांडणात बाजू त्यांचीच बरोबर होती. स्वतःच्या वॉर्डातल्या मैदानात जाताना माणसाने संशयिताप्रमाणे हात का दाखवायचा?

नेमकं हेच रात्रीच्या बुडापेस्टचं झालंय. सातव्या वॉर्डातल्या जुन्या ज्यू वस्तीत १९४४-४५ च्या हिवाळ्यात घेट्टो, म्हणजे ज्यूंना जबरदस्तीने कोंडून ठेवलेली वस्ती, होता. नंतर तिथली घरं दशकानुदशकं पडीक राहिली. काही तरुणांनी पाडायला काढलेल्या अशाच एका वास्तूत, काझिन्त्सी रस्त्यावर, २००४ मध्ये 'सिम्प्ला केर्त' नावाचा बार थाटला. मोडक्या खुर्च्या, भंगारातल्या वस्तू, स्वस्त बिअर. फार सुंदर कल्पना होती ती, आणि तिच्यामुळे काही वास्तू वाचल्या असं मी मानतो. मग स्वस्त विमानं आली, बॅचलर पार्ट्या आल्या, वरच्या मजल्यांवरची घरं पर्यटकांना रोजाने भाड्याने जाऊ लागली. २०१८ मध्ये बार मध्यरात्री बंद करायचे का यावर वॉर्डात मतदान घेतलं, पण इतके कमी लोक आले की ते अवैध ठरलं.

बार बंद व्हावेत असं मला वाटत नाही. पण पहाटे तीनला खिडकीखाली गोंधळ सोसणाऱ्या म्हाताऱ्या बाईचंही ते शहर आहे, हे परवाने देणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. सिम्प्लात रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. बार चालवूनही शेजाऱ्यांसाठी दार उघडं ठेवता येतं, हे त्यांनी करून दाखवलंय.

इकडे येणार असाल तर आधी एखाद्या क्लबची मॅच बघा. सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले आजोबा, पायाशी टरफलांचा ढीग, नंतर जवळच्या साध्या कोचमात, म्हणजे तिथल्या गुत्त्यात, वाइन-सोड्याचा ग्लास आणि पंचांच्या नावाने यथेच्छ शिव्या. पार्ट्यांच्या रस्त्यावर काय, नंतरही जाता येईल.