बंदूक सोप्यात की कुलपात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

घरातली बंदूक कुलपात ठेवावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही माझी चांगलीच हजेरी घेतलीत. उत्तर लांबणार, म्हणून स्वतंत्रच लिहितो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या वाड्यात सोप्यातल्या, म्हणजे ओसरीतल्या, भिंतीवर आजोबांची डबल बार (दोन नळ्यांची) आणि तिच्या वर एक ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची), अशा दोन बंदुका पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या आहेत आणि आजवर काही विपरीत घडलेलं नाही. मुलांना एकदा नीट सांगितलं की ती हात लावत नाहीत, उलट लपवलं की कुतूहल वाढतं. बंदूक दिसली की चोर आल्या पावली परततो. कुलूप उघडत बसलं तर वरातीमागून घोडं. आणि स्वित्झर्लंडमध्ये घरोघर रायफल असते, त्यांचं काय बिघडलं?

मुलांपासून सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा भरवसा तिथेच आहे. अमेरिकेत अटलांटामध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचा एक अभ्यास झाला होता, २००१ मध्ये तो छापून आला. मुलांना दोघं-तिघं मिळून एका खोलीत खेळायला सोडलं. तिथल्या एका खणात खरं पिस्तूल होतं, अर्थात गोळ्या नसलेलं. पलीकडून आरशातून संशोधक बघत होते. ६४ पैकी ४८ मुलं पिस्तूल सापडलेल्या गटांत होती. त्यातल्या ३० जणांनी ते हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. म्हणजे तुमच्या नातवंडांसारखीच, सांगितलेली मुलं.

अलाबामातल्या ग्रामीण भागातला २००६ सालचा दुसरा अभ्यास मला जास्त झोंबतो. तिथे बंदुका आपल्याकडच्या टीव्हीइतक्या अंगवळणी पडलेल्या. आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं. आमच्या मुलाने बंदुकीला कधीच हात लावलेला नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी २२ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. काका, नातवंडं हात लावत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनीच ना?

कुतूहलाचं मात्र तुमचं खरं आहे. म्हणून मी लपवा म्हणत नाही, कुलूप लावा म्हणतो. आमच्याकडे बंदूक कुठे आहे हे मुलीला ठाऊक आहे. मी नळीतून गज फिरवतो तेव्हा ती शेजारी बसून तेलाची बाटली धरते, चार प्रश्न विचारते, आणि तिचा रस संपतो. किल्ली माझ्याकडे.

‘रिकामीच तर असते’ हेही तुम्ही लिहिलं आहे. तुमची डबल बार रिकामी आहे की भरलेली, हे नुसतं बघून तुम्हालाही कळणार नाही. मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळीत डोळा घातल्याशिवाय खात्री नाही. सणासुदीला आलेला जावईबापू ती भिंतीवरून उतरवून फोटोसाठी कुणावर तरी रोखतो, तेव्हा आधी मोडून बघतो का?

आता चोर. गावात तुमच्या सोप्यात काय टांगलं आहे हे गवंड्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि तुम्ही लग्नाला सहकुटुंब कधी जाणार हेही. अशा वेळी वाड्यात शिरणाऱ्याला ती बंदूक काय अडवणार? उलट खुंटीवरून सहज निघणारी, बाहेर हातोहात खपणारी चीज ती. आणि गेली की लगेच ठाण्यात कळवायची जबाबदारी परवान्यानेच तुमच्यावर टाकलेली आहे. पुढे तिने कुठे काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच.

वेळेला हाताशी हवी, हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण भिंतीवरची बंदूक भरलेली असते का? असेल तर आपलं बोलणंच खुंटलं. नसेल तर काडतुसं कुठे आहेत? तुम्हीच लिहिलंय, ‘आतल्या कपाटात.’ मग अंधारात किल्ली शोधायची ती शोधायचीच. तेवढ्याच वेळात बंदूकही निघेल.

शेती संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्यांचं वेगळं, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. रानडुकरं शेत उकरायला लागली की राखणीच्या माळ्यावरच्या माणसाला किल्लीचा जुडगा सांभाळत बसायला सांगणं हा शहाणपणा नव्हे. पण तो दिवेलागणीला बंदूक काढतो आणि सकाळी परत ठेवतो. रात्रभर ती त्याच्या हातात असते, भिंतीवर नसते. (निवडणूक लागली की याच लोकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते, हे रडगाणं पुन्हा कधीतरी.)

स्वित्झर्लंडचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. तिथला नागरिक-सैनिक रायफल घरी ठेवतो, खरं आहे. पूर्वी तिच्याबरोबर गोळ्यांचा सीलबंद डबाही घरी असायचा. २००७ मध्ये तो डबा परत घ्यायचा निर्णय झाला. रायफल राहिली, गोळ्या गेल्या. त्याआधी २००३ च्या फेररचनेत सैन्य जवळजवळ निम्मं झालं, म्हणजे बऱ्याच घरांतून रायफली गेल्या. पुढे संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा १८ ते ४३ वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटलेल्या दिसल्या. त्याच वयाच्या बायकांत किंवा वयस्क पुरुषांत तशी घट नव्हती. चोराच्या गप्पा आपण मारतो, पण घरातल्याच कुणाची तरी एखादी वाईट रात्र आपण धरतच नाही. दहावीचा निकाल, कर्ज, घरातलं भांडण. ती रात्र सरेपर्यंत मध्ये एक कुलूप आणि दुसऱ्याकडे असलेली किल्ली, एवढा अडसरही पुष्कळ असतो.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या एका वाक्याची : ‘आजोबांची बंदूक.’ परवाना माणसाच्या नावावर असतो, वाड्याच्या नव्हे. परवानाधारक वारला की वारसाने स्वतःच्या नावावर परवाना घ्यायचा, आणि तो मिळेपर्यंत हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. तसं झालं असेल तर उत्तम. नसेल तर सोप्यात बसून चहा पिणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर तुम्ही गुन्हा टांगून ठेवला आहे. ठासणीचीही तीच गत. दुरुस्त करूनही बार निघणार नाही इतकं निकामी झालेलं जुनं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटतं, पण ते तसं आहे हे तुम्ही आणि मी ठरवून चालत नाही. लेखी घ्या. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर दोनच, हेही लक्षात असू द्या.

ठेवायची कशी, तर डबल बार सुटी केली की नळी, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) आणि नळीखालची लाकडी मूठ असे तीन तुकडे होतात. नळी एका जागी, दस्ता दुसरीकडे, काडतुसं तिसऱ्या कुलपात. नेहमीचं गोदरेजचं कपाट नको; त्याची किल्ली बहुतेक घरांत त्याच्याच दाराला लटकत असते. भिंतीत बोल्ट मारलेली जाड पत्र्याची उभी पेटी गावातला वेल्डरही करून देतो. आत चामड्याचं कव्हर घालू नका, ते ओल धरतं. नळीला तेलाचा हलका हात आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या, त्या मधूनमधून बदलायच्या. कुलपात गंज चढतो म्हणता, तर पावसाळा संपल्यावर तुमच्या डबल बारची भिंतीकडची बाजू एकदा उलटी करून बघा.

खंडेनवमीला जरूर काढा. पुसा, झेंडूची माळ घाला, पाटावर ठेवून पूजा करा, आम्हीही करतो. फक्त नातवाला ती हातात देऊन स्टेटस ठेवू नका, अशा फोटोंवरून गुन्हे दाखल होतात.

सोप्यातली जागा रिकामी दिसेल म्हणत असाल तर आजोबांचाच फोटो लावा की तिथे. आणि परवाना कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. नूतनीकरणाची तारीख उलटून गेली असेल तर तसं कळवा, कुठली कागदपत्रं लागतात ते सविस्तर लिहीन. आमच्या पेटीची मापं हवी असतील तर तीही देतो.