उन्हाळ्यात बाईकच्या टायरची हवा कमी करू नका
‘उन्हात हवा तापून टायर फुटतो, म्हणून बाईकवर लांब निघण्याआधी पाच पीएसआय हवा कमी करा,’ असा मेसेज फिरतोय. हा सल्ला चुकीचा आणि धोकादायक आहे.

तापल्यावर दाब थोडा वाढतो हे खरं. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. ही वाढ त्यात धरलेलीच असते. उलट हवा कमी असली की टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकून तापतात आणि आतले थर सुटू लागतात. फुटण्याचा खरा धोका तिथे आहे.

योग्य आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मागे माणूस, सामान असेल तर मागच्या चाकात बहुतेकदा जास्त हवा सांगितलेली असते. सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.